वेगवान आणि चालवायला मजा येईल अशी जुनी हॅचबॅक: कोणती घ्यावी आणि कशी पारखावी?

मुळशीकर:

मंडळी, नमस्कार. वेगवान आणि चालवायला मनापासून आवडेल अशी एक जुनी हॅचबॅक घ्यायचे ठरवले आहे आणि त्यासाठी जाणकारांचे मत हवे आहे. सध्याची गाडी साध्या १.२ लिटर पेट्रोल इंजिनाची आहे. शहरात तिची काही तक्रार नाही. परंतु आई-वडील मागच्या सीटवर आणि गावाकडचे सामान डिकीत असले, की ताम्हिणीच्या चढावर तिसरा गिअर टाकताच तिचा दम जातो, आणि पुढे काळा धूर सोडणारा ट्रक असेल तर मोकळा रस्ता दिसूनही तो ओलांडायचा धीर होत नाही.

बाणेर ते हिंजवडी हे रोजचे जाणे-येणे आणि अधूनमधून माणगाव, महाड मार्गे दापोली असा वापर आहे. गाडीसाठी सहा लाख रुपये आहेत आणि घेतल्याबरोबर कराव्या लागणाऱ्या कामांसाठी आणखी एक लाख वेगळे काढून ठेवले आहेत. फोक्सवॅगन पोलो जीटी, मारुती बलेनो आरएस, फोर्ड फिगो १.५ डिझेल, फियाट पुंतो अबार्थ आणि टाटा टियागो जेटीपी या गाड्या डोळ्यांसमोर आहेत. ह्युंदाई आय२० एन लाइन फार आवडते, पण चांगल्या स्थितीतली गाडी या रकमेत बसत नाही, म्हणून तिचा विचार सोडून दिला.

द्रुतगती मार्गावर काटा किती वर जातो, याच्याशी मला कर्तव्य नाही. तिथे मर्यादा ताशी १०० किलोमीटरची आहे आणि ती पाळायचीच आहे. घाटात वळणातून बाहेर पडताना गाडीने हातापायाला तत्काळ उत्तर द्यावे, एवढीच अपेक्षा.

चाकणकर:

तुम्ही पोलो जीटी हे एकच नाव लिहिले आहे, पण त्या नावाखाली निरनिराळ्या स्वभावाच्या गाड्या येतात, आणि विकणारा जाहिरातीत नुसते ‘जीटी’ लिहून मोकळा होतो. म्हणून आधी त्या वेगळ्या करून सांगतो.

२०१३ मध्ये आलेल्या जीटी टीएसआयमध्ये १.२ लिटरचे चार सिलिंडरांचे टर्बो (जास्त हवा दाबून भरणारे) पेट्रोल इंजिन आहे. ताकद १०५ पीएस, टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर) १७५ न्यूटन मीटर, आणि सोबत सात गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. मोकळ्या रस्त्यावर हा गिअरबॉक्स इतक्या चपळाईने गिअर बदलतो की क्लच दाबून बदलणारा माणूस त्याची बरोबरी करू शकत नाही. मात्र त्यातील दोन्ही क्लच कोरडे आहेत. संध्याकाळी हिंजवडीतून बाहेर पडणाऱ्या, इंचाइंचाने सरकणाऱ्या रांगेत हे क्लच सतत अर्धवट धरलेले राहतात आणि तापतात. त्यातच गिअर बदलण्याचे काम करणारे मेकॅट्रॉनिक युनिट बिघडले, तर तुम्ही बाजूला ठेवलेली रक्कम एका झटक्यात संपेल. जीटी टीडीआय ही डिझेल गाडी, तिचा टॉर्क २५० न्यूटन मीटर. ओढ जबरदस्त, पण २०२० मध्ये धुराच्या प्रदूषणाचे बीएस ६ नियम आले आणि ती बंद झाली, त्यामुळे आता मिळेल ती त्याच्या आधीचीच असेल.

तुमच्या कामाची पोलो तिसरी आहे. २०२० पासून १.० लिटरचे तीन सिलिंडरांचे टीएसआय इंजिन आले, ११० पीएस आणि तोच १७५ न्यूटन मीटर टॉर्क. यात जीटी नावाच्या गाडीला टॉर्क कन्व्हर्टरचा सहा गिअरचा ऑटोमॅटिक आहे आणि हायलाइन प्लस या आवृत्तीला सहा गिअरचा मॅन्युअल. तो मॅन्युअल शोधा. गाडीवर जीटीची पट्टी नसल्यामुळे पुष्कळ लोक ती पाहून पुढे जातात, पण चालवण्याचा खरा आनंद तिच्यातच आहे. चाकणमधले पोलोचे उत्पादन २०२२ मध्ये थांबले आणि तेव्हापासून चांगल्या राखलेल्या गाडीचा भाव फारसा खाली येत नाही, त्यामुळे सहा लाखांत तुम्हाला घासाघीस करावी लागेल. आणखी एक गोष्ट, मागच्या सीटवर गुडघ्यांना जागा कमी पडते. आई-वडिलांना एकदा मागे बसवून पाहिल्याशिवाय सौदा करू नका.

मांडवीतीर:

माझ्याकडे पुंतो अबार्थ आहे आणि ती मला अतिशय प्रिय आहे. तरीही मुळशीकर, तुम्ही ती घेऊ नये असेच मी सांगणार आहे. कारणे सविस्तर लिहिते.

२०१५ मध्ये ही गाडी रांजणगावच्या कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा शोरूमच्या दहा लाखांच्या आत १४५ पीएस देणारी दुसरी हॅचबॅक देशात मिळत नव्हती. १.४ लिटरचे टी-जेट इंजिन, २१२ न्यूटन मीटर टॉर्क, चारही चाकांना डिस्क ब्रेक, आणि शून्यापासून ताशी १०० किलोमीटर गाठायला कंपनीने सांगितलेले ८.८ सेकंद. आकडे कोणीही वाचून दाखवील. तिची खरी दौलत तिचे हायड्रॉलिक स्टेअरिंग आहे. गोव्यातले साखळी गाव मागे टाकून चोर्ला घाटाचा चढ लागला आणि रस्ता पावसाने ओला असला, की पुढच्या चाकाची पकड कुठे सुटू पाहते आहे, ते डोळ्यांच्या आधी तळहातांना कळते. वळणात शिरण्यापूर्वी ब्रेक, मग दुसरा गिअर, मग स्टेअरिंग सरळ होत असताना हळूहळू ॲक्सिलरेटर; या क्रमात जराशी घाई केली तरी गाडी लगेच जाणवून देते, आणि क्रम नीट साधला तर ती वळणातून अशी निघते की पुढचे वळण कधी येते याची वाट पाहावीशी वाटते. इंजिन मिनिटाला २,००० फेऱ्यांच्या खाली सुस्त असते आणि त्यानंतर सगळी ताकद एकदम येते, त्यामुळे ओल्या रस्त्यावर पायाला शिस्त लावावी लागते.

आता दुसरी बाजू. गाडीच्या पोटाखाली १५५ मिलिमीटर एवढीच जागा आहे आणि स्प्रिंग कडक आहेत. दापोलीच्या आतल्या रस्त्यांवर मागे बसलेल्या वडीलधाऱ्यांच्या कंबरेला प्रत्येक खड्डा मोजता येईल. शहरात लिटरला दहा किलोमीटर मिळाले तरी समाधान मानावे लागते. फियाटची भारतातील विक्री २०१९ मध्ये थांबली. सर्व्हिसिंग जीपच्या केंद्रांमध्ये होते, परंतु बंपर, दिवे, आरसे असे बाहेरचे भाग मागवून वाट पाहण्याची तयारी लागते. आमच्या घरी रोजच्या वापराला दुसरी गाडी आहे, म्हणून मला हे परवडते. ज्यांच्या घरी एकच गाडी आहे आणि सोमवारी सकाळी कामावर पोहोचायचेच आहे, त्यांना मी ही गाडी सुचवणार नाही.

गिरणाकाठ:

बलेनो आरएस वापरणारा कोणी इथे लिहील असे वाटले होते. कोणी लिहीत नाही, म्हणून मी लिहितो. वजन अवघे ९५० किलो आणि १.० लिटरच्या बूस्टरजेट इंजिनाची ताकद १०२ पीएस, टॉर्क १५० न्यूटन मीटर. हलक्या अंगामुळे आकड्यांवरून वाटते त्यापेक्षा ती चपळ आहे. तुमच्या यादीत मागची जागा सर्वांत ऐसपैस हिचीच, आणि गावोगावी सर्व्हिस सेंटर असल्यामुळे माणूस निश्चिंत राहतो. स्टेअरिंगबद्दल मात्र मांडवीतीर यांनी जे लिहिले तसले काही इथे मिळणार नाही. ते हलके आहे आणि रस्त्याविषयी फार काही कळू देत नाही. सरळ रस्त्यावर आणि चढावर आनंद आहे, वळणावर तो बेताचाच.

घ्यायची ठरली तर एक गोष्ट विसरू नका. ऑक्टोबर २०१६ ते नोव्हेंबर २०१९ या काळात बनलेल्या ७,२१३ बलेनो आरएस गाड्या कंपनीने एप्रिल २०२३ मध्ये परत बोलावल्या होत्या, कारण ब्रेकला साहाय्य करणाऱ्या व्हॅक्युम पंपात दोष असण्याची शक्यता होती. तुम्ही पाहत असलेल्या गाडीचा चासी क्रमांक सर्व्हिस सेंटरला देऊन ते काम झाले आहे की नाही, हे विचारून घ्या. ब्रेकचा प्रश्न असल्यामुळे विकणाऱ्याच्या तोंडी सांगण्यावर राहू नका.

चाकणकर:

टियागो जेटीपीबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून दोन ओळी. टाटा आणि कोइमतूरची जयेम यांनी मिळून २०१८ मध्ये आणलेली ही गाडी, ११४ पीएसची. पैशाच्या मानाने उत्तम होती, पण दोनएक वर्षांतच बंद झाली आणि संख्येने फार थोडी आहे. नीट राखलेली एखादी समोर आलीच तर जरूर चालवून पाहा. तिच्या शोधात मात्र महिने घालवू नका.

मुळशीकर:

सर्वांचे मनापासून आभार. अबार्थचा विचार जड मनाने बाजूला ठेवतो. आता दोन शंका आहेत. फिगो डिझेल दिल्लीकडून आलेल्या पुष्कळ दिसतात आणि त्या इथल्यापेक्षा बऱ्याच स्वस्त आहेत. त्या घ्याव्यात का? दुसरे म्हणजे, साधी गाडी घेऊन तिचा ईसीयू रीमॅप करून घ्या, म्हणजे ताकद वाढवण्यासाठी इंजिनाच्या संगणकातला प्रोग्राम बदलून घ्या, असे एका परिचिताने सुचवले आहे. त्याविषयी आपले मत काय?

पंचगंगाकाठ:

कोल्हापुरात माझे गॅरेज आहे. दोन्ही शंकांची उत्तरे देतो, पण त्याआधी सांगितले पाहिजे असे बरेच आहे, म्हणून लांबलचक लिहितो.

लोक मॉडेलवर महिनाभर वाद घालतात आणि प्रत्यक्ष गाडी अर्ध्या तासात पाहून बयाणा देतात. साधी गाडी बहुधा साधेपणानेच वापरलेली असते. टर्बोची गाडी ज्याने हौसेने घेतली त्याने ती हौसेने पळवलेलीही असते, आणि कित्येकदा रीमॅप करून, विकण्यापूर्वी मूळ प्रोग्राम परत टाकलेला असतो. संगणकात त्याचा माग लागेलच असे नाही, पण क्लचमध्ये लागतो. चढाच्या रस्त्यावर गाडी चौथ्या गिअरमध्ये १,५०० फेऱ्यांवर आणा आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. फेऱ्यांचा काटा पुढे धावला आणि वेगाचा काटा मागे रेंगाळला, तर क्लच घसरतो आहे. रीमॅपविषयी माझे उत्तर यातच आले. गिअरबॉक्स आणि क्लच ज्या टॉर्कसाठी बनवले आहेत त्यापेक्षा जास्त टॉर्क त्यांच्यावर लादला, तर ते आज ना उद्या हिशोब मागतात. शिवाय विमा कंपनीला न कळवता केलेला बदल अपघातानंतरच्या दाव्यात आडवा येतो.

गाडी पाहायला सकाळी जा आणि आदल्या दिवशीच सांगून ठेवा की मी येईपर्यंत ती सुरू करू नका. गेल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवून पाहा. बॉनेट गरम लागले, तर कोणीतरी आधीच सुरू करून ठेवली आहे. चहा घ्या आणि दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिन सुरू होताना स्वतः सायलेन्सरपाशी उभे राहा. थोडी पांढरी वाफ येऊन विरून गेली तर चिंता नाही. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे, आणि टर्बोच्या गाडीत त्याचा अर्थ बहुधा टर्बोच्या सीलपर्यंत जातो. टर्बोकडून येणारी हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरचा पाइप मेकॅनिककडून सोडवून आत बोट फिरवा. बोटाला ऑइलचा पुसट थर लागणे स्वाभाविक आहे, ऑइल थेंबाथेंबाने गळणे स्वाभाविक नाही. पोलो टीएसआय आणि बलेनो आरएस यांच्यात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते, त्यामुळे इनटेक व्हॉल्व्हवर काजळी साचते. इंजिन एका लयीत चालत नसेल तर हेही तपासून घ्या.

मग बॉनेटचे आणि फेंडरचे बोल्ट पाहा. बोल्टच्या कडांवरचा रंग खरवडलेला असेल तर तो भाग कधीतरी उघडला गेला आहे, आणि त्याचे कारण विचारलेच पाहिजे. टायरवर कडेला चार अंक असतात; २३१९ असे असेल तर तो २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर आहे. चारही टायर वेगवेगळ्या कंपन्यांचे असतील, किंवा एकच टायर आतल्या कडेने झिजला असेल, तर अलाइनमेंट आणि सस्पेन्शन दोन्ही पाहायला हवेत. मीटरवर चाळीस हजार दिसत असताना स्टेअरिंगचे कातडे गुळगुळीत आणि क्लच पेडलचे रबर घासून चकचकीत झाले असेल, तर सर्व्हिस सेंटरमधून जुन्या जॉब कार्डांची नोंद काढा. तिथे आधीच्या एखाद्या तारखेला आजच्यापेक्षा जास्त किलोमीटर सापडले, तर पुढे काही बोलायचे कारणच उरत नाही.

दिल्ली परिसरात १० वर्षांवरील डिझेल गाड्यांवर निर्बंध आले आणि म्हणून तिकडच्या गाड्या इकडे स्वस्तात येतात. गाडी चांगलीही असू शकते, पण खर्च पूर्ण मोजा. तिकडच्या आरटीओची एनओसी (ना हरकत पत्र), इथली फेरनोंदणी आणि महाराष्ट्राचा रस्ता कर हे सगळे धरले की स्वस्ताई पुष्कळशी विरते, शिवाय जुन्या मालकाला गाठून कर्जाचा बोजा उतरवलेला फॉर्म ३५ मिळवण्यासाठी फोन करत बसावे लागते ते वेगळे. सहा लाखांत एमएच पासिंगची, पहिल्याच मालकाची फिगो मिळत असताना त्या फंदात पडायचे कारण नाही.

आता माझे मत. तुमच्या रस्त्याला फिगो १.५ डिझेलच शोभेल, आणि मिळाली तर २०१७ ची स्पोर्ट्स आवृत्ती, जिच्यात सस्पेन्शन कडक आणि चाके पंधरा इंची आहेत. ताकद १०० पीएस, पण २१५ न्यूटन मीटर टॉर्क १,७५० फेऱ्यांपासून हाताशी असतो, आणि करूळच्या किंवा ताम्हिणीच्या चढावर उपयोगी पडतो तो हाच. तिसऱ्या गिअरमध्येच ट्रक मागे पडतो. स्टेअरिंग इलेक्ट्रिक असूनही नेमके आहे. हे बीएस ४ डिझेल असल्यामुळे डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) भरून बंद पडण्याची भानगडही नाही.

चाकणकर:

पंचगंगाकाठ यांच्या तपासणीच्या पद्धतीबद्दल पूर्ण सहमत आहे, निष्कर्षाबद्दल थोडा मतभेद नोंदवतो. डिझेल इंजिनाचे वजन पुढच्या चाकांवर येते. लागोपाठ दोन उलट दिशांची वळणे आली, की १.० टीएसआय ज्या हलकेपणाने दिशा बदलते तसा हलकेपणा डिझेलमध्ये येत नाही. शिवाय डिझेलची ताकद ४,००० फेऱ्यांच्या अलीकडेच ओसरते. इंजिन वरपर्यंत गात नेण्यात ज्याला आनंद वाटतो त्याला पेट्रोलच हवे. आणखी एक मुद्दा आहे. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातील उत्पादन थांबवण्याचे जाहीर केले. सर्व्हिस आणि सुटे भाग अजून मिळतात, पण पुढच्या पाच-सात वर्षांचा विचार करताना ही गोष्ट मनात ठेवावी लागेल.

पंचगंगाकाठ:

दोन्ही मुद्दे रास्त आहेत. वरच्या फेऱ्यांतली मजा पेट्रोलचीच, हे मीही मानतो. परंतु मुळशीकरांची मूळ तक्रार भरलेल्या गाडीने चढ चढण्याची आहे. चौघे माणसे आणि सामान असताना इंजिनाला गात न्यायला वाव मिळत नाही, तिथे खालचा टॉर्कच कामाला येतो. भागांचे म्हणाल, तर फिल्टर, ब्रेक पॅड, क्लच, बेल्ट, सस्पेन्शनचे बुश असे रोज लागणारे सामान बाजारात सहज मिळते. बॉडीचे भाग हळूहळू अवघड होतील, हे खरे.

मांडवीतीर:

मुळशीकर, दोन्ही गाड्या एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर, आई-वडिलांना मागे बसवून चालवून पाहा. वेगवेगळ्या दिवशी पाहिलेल्या गाड्यांची तुलना मनात नीट राहत नाही. आणि चालवताना गाणी बंद ठेवा. सस्पेन्शनचा खडखडाट संगीताखाली दबून जातो.

मुळशीकर:

मांडवीतीर यांच्या सूचनेप्रमाणे केले. पोलो १.० टीएसआय मॅन्युअल पिरंगुटच्या पुढच्या रस्त्यावर चालवताना खरोखर हरखून गेलो; चाकणकर म्हणतात तो हलकेपणा तिच्यात पुरेपूर आहे. परंतु वडिलांचे गुडघे पुढच्या सीटला टेकत होते, आणि मालक साडेसहाच्या खाली यायला तयार नव्हता. एक बलेनो आरएस पाहिली, तिचे किलोमीटर आणि सर्व्हिसची नोंद जुळली नाही, म्हणून तिथूनच परत फिरलो.

साताऱ्याच्या एका गृहस्थांकडे २०१७ ची फिगो स्पोर्ट्स डिझेल मिळाली आहे. ते पहिलेच मालक आहेत, सगळी जॉब कार्डे फाइलला लावून ठेवलेली आहेत, बॉनेट सकाळी थंडगार होते, धूर नाही, बोल्टवरचा रंग शाबूत आहे. चढावर चौथ्या गिअरची परीक्षा घेतली, क्लच घसरला नाही. आई मागे बसून म्हणाली की जरा आदळते, पण जुन्या गाडीपेक्षा वळणावर पोटात कमी ढवळते. टायर मात्र मूळचेच आहेत आणि टायमिंग बेल्ट बदलल्याची नोंद नाही. हे धरून भाव ठरला आहे. कागदपत्रांचे काय काय सांभाळावे आणि घेतल्यावर आधी कशाला हात घालावा, तेवढे सांगा.

पंचगंगाकाठ:

सौदा चांगला झाला. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या समोर बसून घ्या. जुने ई-चलन काही बाकी आहे का ते गाडीच्या क्रमांकावरून पाहून त्यांच्याकडूनच भरून घ्या. विमा खरेदीनंतर १४ दिवसांच्या आत तुमच्या नावावर करून घ्यायचा असतो, आणि नो क्लेम बोनस जुन्या मालकाकडेच राहतो, तेव्हा हप्ता थोडा वाढेल.

कामांत पहिला टायमिंग बेल्ट, आणि त्याच्याबरोबर बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर व वॉटर पंप. मॅन्युअलमध्ये बेल्टची मुदत किलोमीटर आणि वर्षे अशी दोन्ही प्रकारे दिलेली असते, त्यातली जी आधी संपेल ती धरायची. नोंद नसेल तर मुदत संपली असेच समजा, कारण तो बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. तोवर गाडी दापोलीला नेऊ नका. त्यानंतर ब्रेक ऑइल. ते हवेतली आर्द्रता शोषते आणि लांब उतारावर ब्रेक तापले की पेडल मऊ पडते. मग चारही टायर एकाच कंपनीचे, मूळच्याच मापाचे, १९५/५५ आर १५. रुंद टायर घालण्याचा मोह कोणी दाखवला तरी नको. स्टेअरिंग जड होईल आणि गाडी रस्त्यावरच्या चाकोऱ्या धरून ओढू लागेल. नवे टायर बसवल्यावर अलाइनमेंट करताना पुढचे लोअर आर्मचे बुश आणि मागचे शॉक अॅब्सॉर्बर गाडी उचलून पाहायला सांगा. शॉक अॅब्सॉर्बर गळत असतील तर जोडीनेच बदला, एकच नाही. राखीव लाखातले बरेच पैसे उरतील.

मुळशीकर:

बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप पुढच्या शनिवारी करून घेतो, टायर त्याच दिवशी. आरसी नावावर झाली आणि ताम्हिणीतून एकदा जाऊन आलो, की इथेच सविस्तर लिहितो.